बॅटरी ठणठणीत, सेल्फ ठणठणीत, तरी गाडी जागेवर

चावी फिरवली की आमची गाडी एकदाच ‘टक्’ म्हणायची आणि गप्प बसायची. पुन्हा फिरवली की पुन्हा एक टक्. कधी लागोपाठ चार-पाचदा फिरवल्यावर इंजिन कण्हत कण्हत फिरायचं आणि सुरू व्हायचं, कधी तेवढंही नाही. बडोद्यात हे कुणालाही सांगा, उत्तर तयार असतं: बॅटरी गेली. समोरच्या काकांनी तेच सांगितलं, वॉचमनने तेच सांगितलं, दिरांनी पुण्याहून फोनवर गाडी न बघताच तेच सांगितलं.

मला तो एकच टक् खटकत होता. सेल्फच्या, म्हणजे इंजिनला सुरुवातीला फिरवणाऱ्या मोटरच्या, डोक्यावर एक सोलेनॉइड बसलेला असतो. चावीकडून बारीक करंट आला की तो आतला दांडा ओढतो, एकीकडे सेल्फचं दातेरी चाक इंजिनच्या फ्लायव्हीलला भिडवतो आणि दुसरीकडे जाड तांब्याचे संपर्क जोडून मोटरला बॅटरीचा खरा करंट देतो. टक् हा त्या दांड्याचा आवाज. बॅटरी मरायला टेकलेली असेल तर बहुधा एक टक् येत नाही, टकटकटकटक अशी झड लागते. कारण दांडा ओढला जातो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, दांडा सुटतो, व्होल्टेज परत वर येतं आणि तो पुन्हा ओढला जातो. काहीच आवाज नसेल तर दोष बऱ्याचदा चावी, रिले (बारीक करंटवर चालणारा स्विच), क्लचचा स्विच अशा बारीक वायरींच्या बाजूला असतो. आणि एकच ठोस टक् येऊन मोटर फिरत नसेल, तर हुकूम पोचतोय पण ताकद पोचत नाहीये, असं समजायला हरकत नाही. हे काही अटळ नियम नाहीत, मरतुकडी बॅटरीही कधी कधी एकच टक् करते. पण तपास कुठून सुरू करायचा एवढं आवाज सांगतो.

मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत विजेची पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. गाड्यांचं काम माझं नाही. पण तांब्यातून करंट जातो की नाही हे बघण्याचाच पगार घेते, त्यामुळे ‘बॅटरी गेली’ एवढ्यावर पैसे मोजायला हात धजेना.

एका सकाळी ऑफिसला निघताना गाडीने दगा दिला तेव्हा समोरच्या काकांनी आपली गाडी नाकाला नाक लावून उभी केली आणि जम्पर केबल काढली. लाल केबल दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसला. काळी त्यांच्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक आमच्या बॅटरीला न लावता इंजिनवरच्या एका उघड्या लोखंडी कानाला. हे त्यांनी बरोबर केलं. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते, ती बॅटरीपासून लांब उडालेली बरी. गाडीच्या पुस्तकातही असंच लिहिलेलं असतं. चावी फिरवली आणि इंजिन एका दमात सुरू झालं. “जोयुं? बॅटरी!” काका म्हणाले. त्या क्षणी मीही मान डोलावली. ती काळी केबल कुठे लावली होती ही गोष्ट पुढे कामाला येणार होती.

संध्याकाळी बॅटरीच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने बॉनेट उघडून बॅटरीवर एक नजर टाकली आणि माझ्याऐवजी शेजारी उभ्या असलेल्या नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना सांगितलं, “काका, बॅटरी गई. नवी नाखी दो.” नानांनी त्याला माझ्याकडे वळवलं. मी म्हटलं, आधी लोड टेस्ट कर. तो जरा नाराज झाला, पण केली. लोड टेस्टर म्हणजे दोन टोकांचा जाड चिमटा, मध्ये तापणारी पट्टी आणि वर काट्याचा मीटर. तो बॅटरीतून शंभराच्या पुढे अँपिअर ओढतो आणि तेवढ्यात व्होल्टेज किती टिकतं ते दाखवतो. दहा सेकंदांत काटा दहाच्या खाली आला नाही. बॅटरी चांगली होती. मग त्याने इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला, १३.६ आले, तेव्हा म्हणाला, “डायनामो थोडो ढीलो छे.” अल्टरनेटरला, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो त्याला, आपल्याकडे अजूनही डायनामोच म्हणतात. १३.६ काही वाईट नाही, पण दिवे बंद असताना मला चौदाच्या आसपास हवे होते. हा आकडाही मी मनात ठेवला.

बॅटरीचे आकडे इथेच सांगून टाकते. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, भरलेला सेल साधारण २.१ व्होल्टचा. म्हणून रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. १२.० ला ती जवळजवळ रिकामी असते, ‘बारा व्होल्ट तर आहेत’ म्हणून लोक फसतात ते इथे. सगळं ठीकठाक असून मीटर साडेदहावर अडला तर एक सेल मेलाय असं बहुतेक वेळा निघतं. आणि गाडी नुकतीच चालवून आल्यावर मोजू नये. वरवरचा चार्ज आकडा फुगवतो. हेडलाईट मिनिटभर लावून बंद करावेत आणि मग मोजावं.

एवढं होईतो १४ जानेवारी आली. उत्तरायणला बडोद्यात गॅरेज उघडं मिळणार नाही, आणि १५ तारखेच्या वासी उत्तरायणलाही नाही. अख्खं शहर गच्चीवर असतं. आमच्याकडे सकाळी गुळाच्या पोळ्या आणि दुपारी शेजाऱ्यांकडून आलेला उंधियो, असा दोन्ही घरचा पाहुणचार. दांडिया बाजारात मामेसासूबाईंकडे तिळगूळ द्यायला निघालो तर गाडी टक् करून बसली, आणि या वेळी ती उठलीच नाही. आम्ही रिक्षाने जाऊन आलो. दुपारी पुतण्या आणि त्याची गँग गच्चीवर “काइपो छे” करत असताना मी मीटर आणि दहाचा-बाराचा पाना घेऊन खाली पार्किंगमध्ये उतरले. नाना चावी फिरवायला ड्रायव्हरच्या सीटवर. हे काम एकट्याने होत नाही. एकाने फिरवायचं, दुसऱ्याने बघायचं.

सगळ्यात आधी हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या. संक्रांतीच्या दिवशी हे सासूबाईंना रुचलं नाही. पण हातातला पाना बॅटरीच्या प्लसला लागलेला असताना सोन्याची बांगडी पान्यावर आणि बॉडीवर एकदम टेकली तर ती क्षणात लाल होईल आणि मनगटावरून काढताही येणार नाही. अंगठीचंही तेच. मग गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि फ्यूज बॉक्समधून पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून खिशात, म्हणजे माझे हात इंजिनात असताना ते सुरू होऊन चालत राहणार नाही.

पहिली तपासणी बिनमीटरची. गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती. हेडलाईट लावले, भिंतीवर दोन गोल पडले. “नाना, फिरवा.” टक्. भिंतीवरचा उजेड जरासा हलला, एवढंच. बॅटरी दमलेली असती तर दिवे पिवळे पडून विझायला आले असते. म्हणजे बॅटरीपासून हेडलाईटपर्यंत जाऊन बॉडीतून परत येणारा रस्ता धडधाकट होता. सेल्फचा रस्ता कुठेतरी अडत होता.

बारीक वायरींची बाजू पटकन उरकली. सेल्फचा रिले काढून त्याच्या जागी त्याच आकाराचा हॉर्नचा रिले घातला, फरक नाही. सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर चावी फिरवताना व्होल्टेज येत होतं. डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकत नव्हता, म्हणजे इमोबिलायझरची, चोरी रोखणाऱ्या कुलपाची, तक्रार नव्हती. तसंही टक् ऐकू येतोय म्हटल्यावर या बाजूला जास्त वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. उरल्या दोन जाड वाटा: बॅटरीच्या प्लसपासून सेल्फपर्यंत जाणारी, आणि सेल्फपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत परतणारी. आणि स्वतः सेल्फ.

इथे बहुतेक लोक मीटर ओहमवर टाकतात, केबलच्या दोन टोकांना लावतात, शून्य येतं, बीप वाजते, आणि केबल पास होते. माझा सगळा राग या बीपवर आहे. साध्या मल्टिमीटरची सगळ्यात खालची रेंज २०० ओहमची, त्याला ०.१ च्या खालचं दिसतच नाही, आणि त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.२-०.३ असतो. पण छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन हलवताना दीडशे अँपिअर सहज मागतो. दीडशे अँपिअरच्या वाटेत ०.०४ ओहम, म्हणजे मीटरला न दिसणारा रोध आला, की गुणाकार करा: सहा व्होल्ट तिथेच गेले. बॅटरीचा निम्मा जोर. ओहमचा मीटर स्वतः मिलिअँपिअर सोडून तपासतो. पुराने पोखरलेल्या पुलावरून सायकलवाला आरामात जातो, म्हणून काही तिथून एसटी जाईलच असं नाही.

कारखान्यात आम्ही ब्रेकरचे संपर्क असेच तपासतो. ब्रेकर बंद करायचा, म्हणजे जोडायचा, त्यातून शंभर अँपिअर डीसी सोडायचा, आणि संपर्काच्या अलीकडे-पलीकडे किती मिलिव्होल्ट पडतात ते मोजायचं. संपर्क चकचकीत दिसतो का, बीप वाजते का, हे कुणी विचारत नाही. किती पडले, एवढंच रजिस्टरमध्ये जातं. गाडीत शंभर अँपिअरचा वेगळा सेट लागत नाही, सेल्फ स्वतःच तेवढा ओढतो. फक्त मीटर डीसी व्होल्टवर ठेवून वाटेच्या दोन टोकांना लावायचा आणि चावी फिरवायची. ही कल्पना मला दुकानात मीटर १३.६ दाखवत होता तेव्हाच सुचायला हवी होती असं नाना नंतर म्हणाले, पण नानांना सगळंच नंतर सुचतं.

एक सूचना: चावी दहा सेकंदांच्या वर धरू नये, आणि दोन वेळांमध्ये सेल्फला मिनिटभर तरी थंड होऊ द्यावा. अडलेली मोटर फार लवकर तापते. डिजिटल मीटरचा आकडा स्थिरावायला दोन सेकंद पुरतात.

आधी बॅटरीवर, तीही थेट शिशाच्या खुंटांवर, त्यावर बसणाऱ्या चिमट्यांवर नाही. उभ्या गाडीत १२.५८. चावी फिरवल्यावर ११.४. निरोगी गाडीत सेल्फ इंजिन फिरवत असतो तेव्हा हाच आकडा दहा-साडेदहाला उतरतो. साडेनऊच्या खाली गेला तर काळजी. आमचा खाली यायच्याऐवजी वरच राहिला होता. बॅटरीला पुरतं कामच मिळत नव्हतं. या एका आकड्याने नवी बॅटरी यादीतून गेली.

मग लाल वायर बॅटरीच्या प्लस खुंटावर, काळी सेल्फच्या जाड टर्मिनलवर. हात पुरेना, म्हणून गाडीखाली सतरंजी टाकून आडवी झाले. “फिरवा.” ०.३. म्हणजे प्लसच्या सगळ्या वाटेवर अवघे ०.३ व्होल्ट हरवत होते. अर्ध्यापर्यंत चालवून घेता येतं. प्लस पास.

मग काळी वायर बॅटरीच्या मायनस खुंटावर, लाल सेल्फच्या बिडाच्या अंगावर, रंग खरवडून. “फिरवा.” टक्.

६.१.

इथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्त झाला असता. नानांना वाटलं मी मीटर चुकीचा लावलाय, त्यांनी खाली वाकून बघितलं आणि पुन्हा सीटवर जाऊन फिरवलं. तेच. मग मोटरला काय उरतं ते थेट मोजलं, सेल्फच्या जाड टर्मिनलपासून त्याच्या अंगापर्यंत: ५.०. प्लसच्या वाटेचे ०.३, परतीचे ६.१, मोटरचे ५.०, बेरीज ११.४. बॅटरीवर जे दिसलं तेच. बेरीज जुळली की मला बरं वाटतं. जुळली नसती तर वाटेतलं काहीतरी मोजायचं राहिलंय असं समजले असते.

परतीच्या वाटेचे दोन तुकडे असतात. आमच्या गाडीत बॅटरीच्या मायनसची छोटी केबल बॉडीला जाते, आणि बॉडीपासून गिअरबॉक्सला एक वेगळी विणलेल्या तांब्याची पट्टी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसवलेलं असतं, त्यामुळे ते बॉडीला विजेच्या दृष्टीने टेकलेलंच नसतं. ही पट्टी हाच त्याचा मुख्य अर्थ (अर्थिंग), म्हणजे करंट परतायची वाट. मायनस खुंटापासून बॉडीपर्यंत मोजलं: ०.१. बॉडीपासून गिअरबॉक्सपर्यंत: ६.०. सापडली.

खात्री करायला काकांची जम्पर केबल मागून आणली, फक्त काळी. एक टोक आमच्याच बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या त्याच लोखंडी कानाला. दुसरी गाडी नाही, दुसरी बॅटरी नाही. पंपाचा फ्यूज परत घातला, नानांनी चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. त्या दिवशी काकांच्या बॅटरीने गाडी सुरू झाली असं आम्ही सगळे समजलो होतो. सुरू केली होती त्यांच्या काळ्या वायरीने. ती इंजिनला लागली होती, आणि परतीच्या करंटला त्या पट्टीतून जायची गरजच उरली नव्हती. काकांनी पुस्तक न वाचता काळा चिमटा आमच्या बॅटरीच्या मायनसला लावला असता तर गाडी तशीच टक् करून बसली असती. दुकानातले १३.६ ही तेच सांगत होते. अल्टरनेटर इंजिनवर बसतो, त्याचाही अर्थ त्याच पट्टीतून. तो देत होता नीट, वाटेत थोडं गळत होतं. डायनामो ढिला नव्हता.

पट्टी काढताना आधी बॅटरीचा मायनस सोडला. पट्टी खाली, बॅटरीच्या ट्रेच्या मागे, हेडलाईटच्या अगदी खालच्या अंगाला. बॉडीकडचा बोल्ट बाराच्या पान्याला दाद देईना. गंजावर तेल सोडून चहा पिऊन आले. निघाला तेव्हा लगच्या, म्हणजे पट्टीच्या टोकाला बोल्टसाठी असलेल्या धातूच्या कडीच्या, खाली पांढरट-हिरवा भुगा. वरून काळं प्लॅस्टिकचं आवरण अगदी नवं दिसत होतं. ते ब्लेडने उभं चिरलं तर आत विणलेल्या तांब्याच्या जागी हिरवी-काळी माती. लगच्या जवळ मोजून पंधरा-वीस तारा धड होत्या, बाकीच्या बोटाने चुरल्या. मीटर ओहमवर टाकून सहज लावून बघितला. शून्य. बीप.

हे कशाने झालं ते विचारायला नको होतं. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला जो पूर आला त्यात काळ्या घोड्याच्या पुलापाशी पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी तिथे पंचवीस-सव्वीस फुटांची. समा, अकोटा, कारेलीबाग, सगळीकडे पाणी. लष्कराला बोलवावं लागलं, आणि रस्त्यावर मगरी निघाल्याचे व्हिडिओ सगळ्या देशाने बघितले. आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीत गाड्यांच्या अर्ध्या दारापर्यंत पाणी होतं. आम्ही एक शहाणपण केलं होतं, पाणी ओसरल्यावर गाडी सुरू करायचा मोह टाळून ती ओढून नेली होती. गॅरेजवाल्यांनी ऑइल बदललं, एअर फिल्टर बदलला, कार्पेट काढून वाळवली, ब्रेक साफ केले. पट्टीचं आवरण कोण सोलून बघणार? पण पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं. त्यात गटार, क्षार, सगळं असतं, आणि ते विणलेल्या तारांमध्ये वातीसारखं वर चढतं. आवरणाच्या आत ते महिनोन् महिने सुकत नाही. तांबं, लगवरची कल्हई, लोखंडी बॉडी असे वेगवेगळे धातू ओल्या क्षारात एकत्र आले की गंज वेगाने चालतो. ऑगस्टमध्ये भिजलेली पट्टी जानेवारीत गेली. थंडीही साथीला होतीच. सकाळी ऑइल घट्ट, सेल्फला जास्त जोर लागतो, आणि उन्हाळ्यात कदाचित आणखी महिनाभर चालली असती ती पट्टी संक्रांतीला उघडी पडली.

त्या दिवशी उरलेल्या तारा पॉलिश पेपरने घासून, लग साफ करून पट्टी परत बसवली. ६.० चे १.४ झाले, गाडी रखडत का होईना सुरू झाली, पण ती घेऊन कुठे गेलो नाही.

उत्तरायण संपल्यावर कारखान्यातून २५ स्क्वेअर मिलिमीटरच्या लवचीक तांब्याच्या वायरीचा तुकडा पैसे भरून घेतला आणि दोन्ही टोकांना कल्हईचे लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून आणले. लावायला मात्र ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले, कारण तो बॉडीकडचा बोल्ट मला पुन्हा एकट्याने सोडवायचा नव्हता. साठीचे गृहस्थ. जुनी पट्टी हातात घेऊन त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, “आ तो रेलनी गाडी छे.” रेल म्हणजे पूर. पुरानंतर अशा गाड्या थांबून थांबून येताहेत म्हणाले: कुणाची पॉवर विंडो, कुणाचा पंपाचा कनेक्टर.

त्यांच्याकडे मीटर होता, पण धूळ खात. ते तपासतात हेडलाईटच्या बल्बने. जुन्या बल्बच्या होल्डरला दोन लांब वायरी, एक टोक अर्थला, दुसरं तपासायच्या वायरीला. मीटर खोटं बोलतो, बल्ब बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरंचसं खरं आहे. एकाच तारेवर लटकलेल्या वायरीवरही मीटर साडेबारा दाखवतो, कारण तो काही मागतच नाही. ६० वॅटचा बल्ब पाच अँपिअर मागतो. वायर कुजकी असेल तर तो मिणमिणतो. पेट्रोल पंप, पंखा, दिवे यांच्या वायरींना यापेक्षा सोपी परीक्षा नाही, आणि मी आता तसा बल्ब करून ठेवलाय. एवढंच की एअरबॅगच्या आणि ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, नाजूक वायरींना तो कधी लावू नये, तिथे पाच अँपिअर म्हणजे खर्चाला निमंत्रण.

पण आमच्या पट्टीला हा बल्बही फसला असता, आणि हे मी त्यांना हिशेब करून सांगितलं. पाच अँपिअर गुणिले ०.०४, म्हणजे ०.२ व्होल्ट. बल्ब झगझगीत पेटला असता. ज्या वाटेने दीडशे जायचे आहेत ती पाचावर पारखून चालत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, जुन्या पट्टीतून बल्ब लावून बघितला, तो खरोखर झगझगीत पेटला. “बराबर,” म्हणाले, आणि बॉडीकडची जागा वायर ब्रशने उघड्या पत्र्यापर्यंत घासायला लागले. तिथला रंग काढल्याशिवाय नवी पट्टीही काही कामाची नाही. बोल्ट आवळून झाल्यावर वरून ग्रीस, आधी नाही.

नव्या पट्टीवर आकडे घेतले. चावी फिरवताना बॅटरीवर १०.५, प्रामाणिक मेहनतीचा आकडा. मायनस खुंटापासून सेल्फच्या अंगापर्यंत ०.१५. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१. सेल्फला कुणी हात लावला नाही, अल्टरनेटरला नाही, बॅटरी तीच.

एक खर्च मात्र निघाला. गेला महिनाभर क्लच जड लागत होता, ते आम्ही वयावर ढकललं होतं, गाडीच्या आणि नानांच्या. इलेक्ट्रिशियनने क्लचच्या केबलचं आवरण दाखवलं: एका जागी मऊ होऊन सुरकुतलेलं. पट्टी बंद पडत गेली तसा इंजिनचा करंट बॉडीकडे परतायला मिळेल ती वाट धरत होता, आणि क्लचची पोलादी केबल बॉडीपासून गिअरबॉक्सपर्यंत जाते. ती करंटसाठी बनवलेली नसते, तापते. ॲक्सिलरेटरची, गिअरची केबल तापल्याच्याही तक्रारी अशाच असतात, आणि लोक केबली बदलत राहतात. केबल बदलली, क्लच हलका झाला.

त्या रविवारी मी मीटर घेऊन काकांच्या गाडीकडे गेले. त्यांचीही त्याच पार्किंगमध्ये, त्याच पाण्यात उभी होती. ती एका झटक्यात सुरू होते. मायनसपासून इंजिनपर्यंत ०.६ आले. मी म्हटलं, काका, अजून काही बिघडलेलं नाही, पण पट्टी काढून बघून घेऊ. काकांनी आकडा बघितला, गाडी बघितली.

“चालु थाय छे ने?” ते म्हणाले. “तो शुं काम छेडवुं?”